कडू औषध आणि गार काकवी

लेक दोन वर्षांची. कान फुटला म्हणून डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, दिवसातून दोनदा 5 मिली, सात दिवस. पहिल्या रात्री मी हात धरले, सासूबाईंनी नाक दाबलं. सगळं औषध फुर्रकन माझ्या अंगावर, आणि पोरगी कितीतरी वेळ हुंदके देत राहिली. पोटात कालवलं माझ्या. नाक दाबणं धोक्याचंही आहे, औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं.

सकाळी मंगळवार पेठेतल्या मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज आणली. लेकीला मांडीवर ताठ बसवलं. सिरिंजचं टोक जिभेवर नाही, गालाच्या आत ठेवलं आणि एकेक मिली सोडत गेले. गिळलं की पुढचं.

खरी जादू मात्र काकवीची. आपल्याकडे गुऱ्हाळावरची काकवी घरात असतेच. फ्रिजमधली गार काकवी अर्धा चमचा आधी, अर्धा नंतर. गारव्यानं जिभेला चव कमी कळते. (वर्षाच्या आतल्या बाळाला हे नको, मधही नकोच.) बाटलीभर दुधात औषध कालवू नका, दूध उरलं की डोसही उरतो.

"कलू?" ती विचारायची. "हो बाळा, कडू आहे, मग काकवी," एवढंच मी खरं सांगायचे. आधी बाहुलीच्या तोंडाला रिकामी सिरिंज लावायचो. एकदा औषधानंतर लगेच उलटी झाली, तेव्हा मनानं दुसरा डोस न देता डॉक्टरांना फोन केला.

चौथ्या दिवशी सिरिंज दिसताच तिनं आपणहून आ केला.