मठारकामाचा ३६० व्हिडिओ: कॅमेरा कुठे, माइक कुठे

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम चालतं. तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे ठोके शेजारी शेजारी घालत जायचे. त्यानं पत्रा टणक होतो आणि चकाकतोही. जागा लहान, आवाज चहूबाजूंनी. व्हीआर म्हणजे हेडसेट डोळ्यांवर चढवून मान फिरवत चहूबाजूंनी बघायचा व्हिडिओ. त्याला असंच ठिकाण हवं.

कॅमेरा जिथे ठेवाल तिथे बघणारा बसणार. कारागीर जमिनीवर बसलेला असतो, म्हणून लेन्स जमिनीपासून ७५ ते ८० सेंमीवर ठेवा. दीड मीटरवर ठेवलीत तर पाहुणा दारातून डोकावून गेल्यासारखं वाटतं.

३६० कॅमेऱ्याला पाठीला पाठ लावलेल्या दोन लेन्स असतात, पण झूम नाही, त्यामुळे अंतर नीट ठरवा. ५.७के चित्राची रुंदी ५७६० पिक्सेल आणि पूर्ण फेरी ३६० अंशांची, म्हणजे एका अंशाला १६ पिक्सेल. तीस सेंमी रुंदीचा हंडा एक मीटरवरून साधारण २७० पिक्सेल दिसतो, तीन मीटरवरून जेमतेम ९०. तेव्हा सव्वा मीटरच्या आसपास राहा. फार जवळ गेलात की दोन लेन्सची चित्रं जिथे जुळतात त्या जोडावर हात तुटल्यासारखे दिसतात. एक लेन्स थेट कारागिराकडे, दोन्ही जोड रिकाम्या भिंतींकडे.

पाय फाकवणारा ट्रायपॉड चित्रात येतो. बारीक मोनोपॉड (एकच दांडा) आणि लहान बैठक वापरा, खाली गोणपाटाची घडी घाला. नाहीतर प्रत्येक ठोक्याला चित्र थरथरतं. हंड्याच्या चकाकीत कॅमेरा दिसणारच, तो पुसत बसू नका. तुम्ही मात्र खोलीबाहेर जा आणि फोनवरून रेकॉर्डिंग सुरू करा.

एक्स्पोजर (चित्राचा उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर न सोडता हातानं ठरवून कायम ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१००. नाहीतर ट्यूबलाइट लुकलुकते. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ८०० च्या वर नेऊ नका, कोपरे दाणेदार होतात. लेन्स फुगीर असतात, कॅमेरा कधी आडवा टेकवू नका. ओरखडा चित्रात कायमचा.

खरी गोडी आवाजात आहे, आणि घोटाळेही तिथेच. चार कॅप्सूलचा अँबिसॉनिक माइक, म्हणजे आवाज कुठल्या दिशेनं येतो तेही टिपणारा माइक, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली लावा. माइकची पुढची बाजू आणि समोरची लेन्स एकाच दिशेला हव्यात. फिरल्या तर हातोडी समोर दिसते आणि ठणका पाठीमागून येतो. कारागिराला सर्वांत जोरात ठोकायला सांगा आणि पातळी उणे १२ डेसिबलवर बांधा. तरी ठोक्याचा आवाज फाटला तर आणखी उतरवा. बोलण्यासाठी त्याच्या सदऱ्याला वेगळा कॉलर माइक. सुरुवातीला एक टाळी वाजवून घ्या, आवाज जुळवायला सोपं जातं.

एका जागेवरचा शॉट किमान २० सेकंद ठेवा. पहिले पाच-सहा सेकंद माणूस मान फिरवून खोली बघतो; निवेदन त्यानंतर. कट करताना पुढचा शॉट असा फिरवा की बघणाऱ्याची नजर जिथे होती तिथेच नवी महत्त्वाची गोष्ट येईल. चित्र ४० अंश फिरवलंत तर आवाजही त्याच बाजूला ४० अंश. हे राहून जातं आणि हेडफोन लावल्याशिवाय कळत नाही.

शेवटी २:१ प्रमाणात एच.२६५ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये एक्स्पोर्ट करा आणि फाइलमध्ये ३६० चा मेटाडेटा, म्हणजे हा ३६० व्हिडिओ आहे असं सांगणारी नोंद, आहे ना ते बघा. तो नसेल तर यूट्यूबवर खोली ताणलेल्या पापडासारखी सपाट दिसते.