पलीकडून हुंकारा यायला हवा

२०२०च्या चवथीला आमच्या फोंड्याच्या घरात गणपतीसमोर माणसं पाच आणि लॅपटॉपवर सतरा. पुण्याचे काका, डिचोलीची आत्या, दुबईतला दादा, सगळे व्हिडिओ कॉलवर. आरती सुरू झाली आणि दुसऱ्याच ओळीला बट्ट्याबोळ. आमची घुमट आणि शामेळ ही वाद्यं एका लयीत, काका अर्धी ओळ मागे, दादाच्या टाळ्या भलत्याच मात्रेवर. त्यात ॲपने घुमटाला खडखडाट समजून त्याचा आवाज गाळून टाकला. शेवटी बाबा म्हणाले, "सगळे म्यूट करा. आम्ही म्हणतो, तुम्ही नुसते हात जोडा."

तेव्हा मी पणजीत उपयोजित कला शिकून रिसॉर्टांची ब्रोशरं करत होते. आरती का फिसकटली हे शोधता शोधता मी या कामात आले. काम काय, तर लांब बसून एकत्र काम करणाऱ्यांच्या माना, नजरा, हं-हूं आणि कंटाळा पडद्यावर कसा पोचवायचा ते ठरवणं. नव्याने येणारे विचारतात की कुठलं सॉफ्टवेअर शिकू. त्याआधी आवाजाचा उशीर समजून घ्या.

एकत्र वाजवणाऱ्यांना पंचवीस-तीस मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर झाला की लय सुटायला लागते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे की बोलण्यासाठी एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवावा. म्हणजे कॉल उत्तम चालला असतानाही आरती बिघडणारच. आता गप्पांचं बघा. दहा भाषांची तुलना करणारा एक अभ्यास २००९ साली आला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी साधारण २०० मिलिसेकंद जातात, असं त्यात दिसलं. नेटने त्यात तेवढीच भर घातली की दोघं एकदम सुरू करतात, दोघं एकदम थांबतात, आणि मग "तुम्ही बोला", "नाही नाही, तुम्हीच बोला". याला माणसांचा भिडस्तपणा म्हणून सोडून देऊ नका.

पण माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान हुंकाऱ्याचं झालं. आजी गोष्ट सांगताना म्हणायची, "हूं म्हण, नाहीतर मी थांबते." भाषाशास्त्रात याला बॅकचॅनल म्हणतात, हा शब्द व्हिक्टर इंग्वे यांनी १९७०मध्ये रूढ केला. कॉलवर हुंकाऱ्याला तीन शत्रू. म्यूट हा पहिला. दुसरा गोंगाट गाळणारी यंत्रणा, जी बारीक "हं" सहज खाऊन टाकते. तिसरी प्रतिध्वनी घालवणारी, दोघं एकदम बोलले की ती अनेकदा एकाचा आवाज दाबते. बोलणारा मग विहिरीत बोलल्यासारखा बोलत राहतो. कुणी "ऐकू येतंय ना?" असं दर पाच मिनिटांनी विचारायला लागला की त्याला हुंकारा हवाय असं समजा.

माझा पहिला प्रकल्प पूर्ण फसला. आमच्या टीमने सामायिक फळ्याचं एक ॲप केलं होतं. कॅमेऱ्यातून चेहरा वाचून प्रत्येकाच्या फोटोभोवती मूडचं रंगीत कडं दाखवायचं, ही कल्पना माझी. सत्तरी तालुक्यातून काम करणारा एक सहकारी खिडकीकडे पाठ करून बसायचा, तर त्याचं कडं कायम उदास निळं. दुसरी विचारात पडली की कपाळाला आठ्या घालायची, ती कायम लाल. चाचणीत एका व्यवस्थापकाने अगदी गोडपणे विचारलं, "याचा महिन्याचा रिपोर्ट निघेल का?" त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढे वाचनात आलं की चेहऱ्याच्या हालचालींवरून भावना भरवशाने ओळखता येत नाहीत, असा सविस्तर आढावा लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्येच मांडला होता. युरोपीय संघाच्या एआय कायद्याने तर कामाच्या ठिकाणी असं भावना ओळखणं, वैद्यकीय आणि सुरक्षेचं कारण सोडून, फेब्रुवारी २०२५पासून बंदच केलं. तेव्हापासून कुठलीही खूण काढताना मी आधी विचारते, ही माणूस देतोय की त्याच्याकडून गळतेय? गळणाऱ्या खुणेची हजेरीवही व्हायला वेळ लागत नाही. 'ऑनलाइन'चा हिरवा ठिपका तुम्ही पाहताच.

दुसरा प्रयत्न साधा होता. ऐकणाऱ्याने स्पेसबार दाबून धरला की बोलणाऱ्याच्या पडद्याच्या कडेला एक फिकट लाट उठायची आणि दोन सेकंदांत विरायची. नाव नाही, आकडा नाही. सुरुवातीला नावं दाखवली होती, तर लोक साहेब बोलत असताना बोट उचलेनात. नावं काढल्यावर खरे हुंकारे यायला लागले. अर्धा सेकंद उशीर झाला तरी बिघडलं नाही, कारण हुंकाऱ्याला मात्रा गाठायची नसते. पण एक अडचण आम्हाला आधी सुचलीच नव्हती. पूर्वी शांतता असली की सगळे म्यूटवर असतील अशी समजूत घालता यायची, आता लाट आली नाही की बोलणारा खचायचा. म्हणून लाटेची रिकामी जागा दिसणार नाही, याची काळजी घेतली. कड नेहमीच साधी, अपेक्षा निर्माण करणारी चौकटच नाही. तरी हा प्रश्न पूर्ण सुटला असं मी म्हणणार नाही.

इमोजींवर फार वेळ घालवू नका, त्यांचे अर्थ घरोघरी वेगळे. आपल्या एका "बरं"मध्येच होकार, शंका, कंटाळा आणि "बघून घेते तुला" एवढं सगळं मावतं. जर्मनीतल्या सहकाऱ्याला आमची डुलणारी मान नकारासारखी वाटायची, आणि त्याचा नुसता अंगठा आम्हाला तुसडा.

जुनं काम मात्र जरूर वाचा. १९९२च्या सुमारास जपानमध्ये हिरोशी इशी आणि मिनोरू कोबायाशी यांनी क्लिअरबोर्ड केला, काचेच्या फळ्याच्या दोन बाजूंना दोघं उभे राहून लिहिताहेत असा भास देणारा. समोरच्याची नजर फळ्यावर कुठे आहे ते त्यात कळायचं. आजच्या कॅमेऱ्यांना हे अजून धड जमत नाही. माझं लाडकं उदाहरण मात्र आयबीएमचं बॅबल, लिहून गप्पा मारायचं सॉफ्टवेअर. तिथे चेहरेच नव्हते. एक वर्तुळ आणि माणसागणिक एक ठिपका, बोललात की मध्याकडे, गप्प राहिलात की हळूहळू कडेकडे. थॉमस एरिक्सन आणि वेंडी केलॉग यांनी २०००च्या सुमारास त्यावर लिहिलं. एवढ्या कमी रेषांत खोलीभर माणसांचा अंदाज येतो, हे पाहून मी कड्यांचा नाद सोडला.

रीतसर शिकायचं तर मुंबई आयआयटीच्या आयडीसीसारख्या डिझाइनच्या संस्था आहेत, पदव्युत्तर प्रवेशाला सीड (CEED) ही प्रवेश परीक्षा लागते. मी दिली नाही, तरी निभावलं. डोळ्यांचा रियाज मात्र रोज केला. मीटिंगची दहा मिनिटं आवाज बंद करून पाहा आणि पुढे कोण बोलणार ते आधीच ओळखा. पेडण्याकडे दशावतार असेल तर पुढे बसून राजाला न पाहता पेटीवाल्याला पाहा. संवाद लिहिलेले नसतात, तरी त्याला कळतं कधी थांबायचं. देवळातल्या भजनात समेवर येण्याआधी पखवाजवाला मान कुणाकडे वळवतो, तेही वहीत टिपा.

पोर्टफोलिओत देखण्या स्क्रीन कमी आणि फसलेली एक चाचणी नीट मांडलेली, असं ठेवा. मला मुलाखतीत वीस मिनिटं निळ्या कड्याबद्दलच विचारलं. प्रोटोटाइप ब्राउझरमध्ये नेटचा वेग मुद्दाम कमी करून तपासा, ऑफिसच्या फायबरवर सगळंच छान दिसतं. आणि या क्षेत्रात ओळख नसेल तर जित्सी किंवा बिगब्लूबटन या व्हिडिओ कॉलच्या सॉफ्टवेअरचा मुक्त कोड उतरवून घ्या, त्यात एकच खूण बदला आणि गावातल्या एखाद्या ऑनलाइन शिकवणीत आठवडाभर चालवून पाहा. शिकवणीच्या बाईंना आणि मुलांच्या पालकांना आधी विचारा. रेकॉर्डिंग करू नका, वही पुरते.