आजीचं लुगडं, मोडीतलं पत्र आणि आपला चेहरा

घरातला वारसा स्वतःच्या व्यक्तिचित्रात आणायचा असेल तर मूळ पत्र किंवा फोटो कधीही चिकटवू नका. ६०० डीपीआयवर स्कॅन करा, प्रिंटची शाई पुढे बोर्डावर उतरवायची आहे, म्हणून प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी करा (नाहीतर मोडी अक्षरं उलटी उमटतात) आणि लेझर प्रिंट काढा. इंकजेटची शाई सहसा पाण्यात फुटते, म्हणून ती नको.

६ मिमी एमडीएफ बोर्डाला दोन्ही बाजूंनी जेसोचे (रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात द्या. एकाच बाजूला दिलात तर बोर्ड वाकतो. त्यावर ॲक्रिलिक जेल मीडियमचा (वाळल्यावर पारदर्शक होणाऱ्या दाट माध्यमाचा) एकसारखा थर लावून प्रिंट पालथी ठेवा, मधून कडेकडे दाबत हवा काढा आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी ओल्या स्पंजने भिजवून कागद बोटाने हलकेच चोळून काढा. वाळल्यावर पांढुरकी झाक दिसतेच. पुन्हा भिजवून चोळा, दोन-तीनदा. घाई केली की शाईही निघते.

लुगड्याचा सुती तुकडा आधी धुऊन खळ काढा, मग खालून-वरून मॅट मीडियम (न चमकणारं ॲक्रिलिक माध्यम) लावून बसवा. जरीचा काठ नुसत्या मीडियमने उचलला जातो. बोर्डाला बारीक छिद्रं पाडून तो टाक्यांनी धरा.

चेहरा शेवटी, ॲक्रिलिकने. वारसा गालाच्या सावलीत आणि केसांत दिसू द्या, डोळे मात्र पूर्ण स्वतः रंगवा. स्वतःच्या वाटचालीसाठी पहिल्या नोकरीचं पत्र किंवा डायरीतल्या दोन ओळी पुरतात. सगळंच कोंबलं की अडगळीची खोली होते.