तोरणमाळला जाताय? शहाद्यातच टाकी फुल करा

तोरणमाळला, म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या थंड हवेच्या ठिकाणी, जायचं असेल तर शहाद्यातच पेट्रोल टाकी फुल करा आणि कॅश काढून घ्या, वरती रेंज नसली की युपीआय चालत नाही आणि सुट्ट्यासाठी कोणाकोणाला विचारत बसणार. मॅप पण आधीच ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. शहाद्याहून पन्नासेक किमी आहे, पण शेवटचा सातपायरी घाट नुसता वळणांचा, त्यामुळे काहीही करून अंधाराच्या आत वर पोचायचं बघा. पावसाळ्यात तर धुक्यात समोरचं वळण सुद्धा दिसत नाही, अशा वेळी हेडलाइट लो बीमवर ठेवून हॉर्न देत हळूहळू जायचं, ओव्हरटेकच्या फंदात पडू नका. उंची साधारण ११५० मीटर आहे, म्हणून हिवाळ्यात स्वेटर पाहिजेच, खानदेशातलं ऊन बघून फसू नका. यशवंत तलाव, सीताखाईची दरी निवांत बघायचं असेल तर महाशिवरात्रीची यात्रा टाळा, तेव्हा खूप गर्दी असते. मला विचाराल तर पाऊस संपल्यावर जा, सीताफळं पण मिळतात आणि ती थेट पावरा-भिल्ल आदिवासी बायकांकडूनच घ्या, उगाच घासाघीस नको. फोटो मात्र विचारूनच काढा.