स्वतः छापलेली ऐतिहासिक कादंबरी वाचकांपर्यंत कशी न्यावी

ऐतिहासिक कादंबरीला एक गोष्ट जन्मतःच मिळालेली असते: तिला गाव असतं आणि तारीख असते. कथा जिथे घडली तिथली माणसं हे तुमचे पहिले वाचक. तरीही बहुतेक लेखक शहरात सभागृह घेतात, चार पाहुणे बोलावतात, हार-शाल होते आणि उरलेले गठ्ठे घरी पलंगाखाली जातात. तोच पैसा आणि तीच धावपळ कथेच्या मुलखात केली, तर पुस्तक वाचलं जातं. कसं, ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, तुमची कादंबरी चिमाजीअप्पांच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या वसई मोहिमेवर आहे, १७३७ ते १७३९ या काळातली.

छपाईला जाण्याआधी

प्रचाराचं पहिलं काम पुस्तकाच्या आतच होतं. इतिहासाचा वाचक पहिला प्रश्न विचारतो, "याला पुरावा काय?" त्याचं उत्तर मनोगतात द्या, आणि नेमकं द्या. तारापूरच्या वेढ्यात मराठा सरदार बाजी भिवराव पडले, हा इतिहास. त्यांच्या छावणीतला पाणक्या माझ्या कल्पनेतला, असं सरळ लिहा. पेशवे दफ्तरातली पत्रं वाचली असतील तर कोणती, ते सांगा. शेवटी मोहिमेचा एक नकाशा हवा. या चार पानांमुळे अभ्यासू वाचक पुस्तक दुसऱ्याच्या हातात देतो, आणि ती शिफारस कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोलाची असते.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून लेखकाला स्वतःच्या नावाने विनामूल्य मिळतो. अर्ज ऑनलाइन करायचा, पण वेळ हाताशी ठेवून. पुस्तक निघाल्यावर १९५४च्या कायद्यानुसार तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह नेमून दिलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवावी लागते. तुम्हीच प्रकाशक असल्याने हे काम तुमचंच.

आणखी एक गोष्ट अक्षरजुळणी करणाऱ्याला आधीच सांगा: मजकूर युनिकोडमध्ये हवा. अजूनही पुष्कळ ठिकाणी जुन्या फॉन्टमध्ये काम होतं. कागदावर ते सुंदर दिसतं, पण त्याच फाइलवरून ई-पुस्तक करायला गेलं की 'किल्ला'चं भलतंच काहीतरी होतं आणि पाचशे पानं पुन्हा तपासावी लागतात.

दोन याद्या करा

एक गावांची, एक तारखांची. वसईच्या कादंबरीसाठी गावांच्या यादीत वसई, अर्नाळा, केळवे-माहीम, तारापूर, घोडबंदर, ठाणे आणि वेसावे येतातच. चिमाजीअप्पांच्या नवसाशी जोडलेलं वज्रेश्वरीही हवं. थोडा विचार केला की यादी घाटावर चढते. वसईच्या विजयानंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. पंचवटीतली नारोशंकराची घंटा नाशिकच्या शाळकरी मुलालाही माहीत असते, आणि मेणवलीच्या घाटावरची घंटा वाईला जाणारा प्रत्येक पर्यटक पाहतो. म्हणजे नाशिक आणि वाई हीसुद्धा तुमच्या पुस्तकाची गावं झाली. तिथल्या वाचनालयात "ही घंटा इथे कशी आली" या विषयावर अर्धा तास बोला. कादंबरीचं नाव शेवटी एकदा घेतलं तरी पुरे.

तारखांच्या यादीत सर्वांत वर मे महिना, कारण वसई पडली मे १७३९मध्ये आणि त्या सुमाराला वसईत विजयाचे कार्यक्रम होतात. प्रकाशन त्याच आठवड्यात ठेवा. तुमचा विषय खर्ड्याची लढाई असेल तर ११ मार्च आणि जामखेड तालुका, पानिपत असेल तर १४ जानेवारी.

किल्ल्यावर वाचन

माझ्या मते याला तोड नाही. स्थानिक दुर्गप्रेमी मंडळाशी आधी बोला. किल्ल्याची माहिती त्यांना तुमच्याहून जास्त असते, तेव्हा मान त्यांचा ठेवा. सकाळी सातला तीस-चाळीस माणसांची फेरी काढा. सेंट सेबॅस्टियन बुरुजापाशी थांबा, कारण निर्णायक सुरुंग तिथे उडाले होते, आणि त्या प्रसंगाचं एकच पान मोठ्याने वाचा. फार तर चार मिनिटं. पान निवडताना लांबलचक वर्णन टाळा. सुरुंग लावणारा माणूस काय बघतोय, त्याच्या हाताला काय लागतंय, ते असलेलं पान घ्या. वसईचा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. तिथे मंडप, ध्वनिक्षेपक किंवा विक्रीचं टेबल परवानगीशिवाय चालत नाही. विक्री नंतर गावातल्या वाचनालयात किंवा चहाच्या ठिकाणी करा.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. वसईत तुमच्यासमोर बसलेल्या श्रोत्यांत ख्रिस्ती कुपारी असतील, वाडवळ असतील, कोळी असतील. ही सगळी त्याच मातीतली माणसं. मलपृष्ठावरचा मजकूर किंवा जाहिरात कोणाला डिवचून लिहू नका. अप्पांनी शरण आलेल्या पोर्तुगीज शिबंदीला सन्मानाने किल्ला सोडून जाऊ दिलं, हा प्रसंग पुढे ठेवा. तो खराही आहे आणि कादंबरीकाराच्या कामाचाही.

दिवाळी अंक

'मनोरंजन' मासिकाने १९०९मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचक नवा लेखक तिथेच चाखून बघतो. कादंबरीतलं एक प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून उभं राहील असं नीट बांधा आणि जूनपर्यंत संपादकांकडे पाठवा. गणपतीनंतर पाठवलेलं बहुधा पुढच्या वर्षावर जातं. सोबतचं पत्र पाच ओळींचं पुरे: "स.न.वि.वि. वसई मोहिमेवरील माझ्या कादंबरीतील एक प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून सोबत जोडत आहे. शब्दसंख्या, काळ आणि आधार पहिल्या पानावर दिले आहेत." स्वतःची स्तुती त्यात नको.

परीक्षणासाठी प्रती पाठवतानाही हेच. सरसकट पन्नास जणांना वाटण्यापेक्षा त्या काळावर सातत्याने लिहिणारे दहा जण शोधा, आणि प्रत पोहोचल्याचा एकच फोन करा.

वाचनालयं

महाराष्ट्रातली शासनमान्य सार्वजनिक वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत असतात आणि त्यांना मिळणाऱ्या अनुदानातला काही भाग ग्रंथखरेदीसाठी असतो. अनुदानाचा हप्ता आला की खरेदी होते, आणि मार्चअखेरीआधी तिला वेग येतो. म्हणून जानेवारीतच एका पानाचं माहितीपत्रक पाठवा: मुखपृष्ठ, किंमत, सूट, आयएसबीएन, मागणीसाठी क्रमांक. बिल व्यवस्थित द्या. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं. अशा जुन्या संस्थांचे सभासद ऐतिहासिक कादंबरी आवडीने वाचतात. ग्रंथपालांना प्रत्यक्ष भेटा. नवीन काय आलंय, असं विचारणाऱ्या सभासदाच्या हातात काय द्यायचं ते तेच ठरवतात.

किंमत आणि हिशेब

किंमत ठरवताना वितरकाचं कमिशन आधी धरा. ते ४० ते ५० टक्क्यांपर्यंत जातं. ४०० रुपयांच्या प्रतीमागे तुमच्या हाती २०० ते २४० येतील, त्यातून छपाई वजा. म्हणून थेट विक्री वाढवा. प्रकाशनपूर्व सवलत ही आपली जुनी, चांगली पद्धत आहे. छपाईचा निम्मा खर्च त्यातून उभा राहू शकतो, मात्र सांगितलेल्या तारखेला पुस्तक हातात पडलंच पाहिजे. टपाल खात्याने १ मे २०२५पासून पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू केली आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये असे दर ठरले, कर वेगळा. तुमचं पुस्तक तिच्या अटींत बसतं का आणि आजचा दर काय, ते टपाल कार्यालयात विचारून घ्या.

फोनवरचा प्रचार

"माझी कादंबरी घ्या" असा संदेश रोज पाठवला की लोक गट म्यूट करतात. त्याऐवजी आठवड्याला एक छोटी, खरी गोष्ट द्या: खाडीत भरती-ओहोटीने वेढ्याचं गणित कसं बदलायचं, एखाद्या पत्रातली एक ओळ, घंटेवरचं कोरीव साल. शेवटी मागणीचा क्रमांक. चित्रं वापरताना पगडी, हत्यारं, पोशाख त्या काळाचे आहेत ना, ते तपासा. एक चुकीची पगडी पुस्तकावरचा विश्वास घालवते. किंडलवर मराठी ई-पुस्तक स्वतः टाकता येतं. परदेशातल्या मराठी माणसांसाठी ते टाकाच.

साहित्य संमेलनात एका पुस्तकासाठी पूर्ण गाळा परवडत नाही. तीन-चार ऐतिहासिक लेखकांनी मिळून घ्यावा आणि प्रत्येकाने पाळीने बसावं.

प्रत्येक थेट ग्राहकाचं नाव, गाव आणि क्रमांक वहीत लिहून ठेवा. वाचकांनी दाखवलेल्या चुका त्याच वहीत, पान क्रमांकासह. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी दुरुस्त्या तिथून घ्यायच्या, ज्यांनी त्या दाखवल्या त्यांची परवानगी घेऊन नावं मनोगतात छापायची आणि नव्या आवृत्तीचा पहिला संदेश त्यांनाच पाठवायचा.