कार्बाइडच्या पात्याला धार लावायला देताना

लाकूड कापायच्या गोल करवतीचं, कार्बाइडचे म्हणजे फार कडक दाते असलेलं पातं घेऊन धारवाल्याकडे गेलात की भाव नंतर विचारा, आधी त्याच्या मशीनवरचं चाक बघा. कार्बाइडच्या दात्यांना डायमंड व्हीलच, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेलं चाकच लागतं. साध्या एमरीच्या चाकावर दाता तापतो, त्याची कड फुटते आणि मग सनमायकाच्या कपच्या उडतात. दाते आलटून-पालटून डाव्या-उजव्या उताराचे असतील तर तोच कोन परत येईल का, निघालेला दाता ब्रेझिंगने, म्हणजे धातू वितळवून डाख लावून, बसवून देणार का, हेही विचारा. पहिल्या वेळी एकच जुनं पातं द्या. सगळा गठ्ठा अजिबात नाही. छत्रपती संभाजीनगरकडे असाल तर वाळूज एमआयडीसीत चौकशी करा, फर्निचरवाले पाती कुठं देतात ते कळेल. हातकरवतीला मात्र तिकोनी कानस चालवणारा गावातला जुना सुतारच बरा.