ऐनावरचा कोसा घरी आणलात, तर

आमच्या गडचिरोलीकडे पानगळ झाली की ऐनाच्या उघड्या डहाळीला लहान अंड्याएवढा राखी कोसा लोंबताना दिसतो. हा टसरच्या पतंगाचा कोश. सुरवंट आधी डहाळीभोवती रेशमाचं कडं आवळून घेतो, त्याला कडक देठ काढतो आणि मग कोश विणतो. म्हणून पानं गळली तरी कोसा पडत नाही. तेव्हा देठ ओढू नका, डहाळीसकट कापा.

कानाशी धरून हळूच हलवा. जड लागला आणि आत मऊ ठोका जाणवला, तर जीव आहे. हलका लागून खडखडला, तर आतला जीव वाळून गेलाय. देठाकडे भोक असेल तर पतंग कधीच उडालाय.

पहिल्या वर्षी मी कोसा प्लास्टिकच्या बरणीत ठेवला होता. पतंग बाहेर आला, पण गुळगुळीत भिंतीवर त्याचे पाय टिकेनात. पंख चुरगळले ते तसेच वाळले. चार-पाच दिवस तो फरशीवर फिरत राहिला आणि गेला. तेव्हापासून मी मच्छरदाणीच्या कापडाची मोठी पिशवी शिवते, डहाळी तिच्यात देठ वर ठेवून बांधते आणि पडवीत सावलीला टांगते. मुंग्यांवर लक्ष ठेवा. कडक उन्हाळ्यात मधूनमधून पाणी शिंपडा. हिवाळ्यात आणलेला कोसा पावसाळ्याच्या तोंडापर्यंत झोपून राहतो; मेला समजून फेकू नका.

एखाद्या संध्याकाळी देठाकडचं टोक ओलं दिसेल. पतंग पाझर सोडून रेशीम मऊ करतो आणि धागे बाजूला सारत निघतो. कात्री लावू नका. ओल्या चिंधीसारखे पंख खाली लोंबत, हळूहळू भरत जातात. मग चार पंखांवर चार डोळे उमटतात, प्रत्येकात काचेसारखी आरपार टिकली. साखरपाणी ठेवू नका, हा पतंग काही खातच नाही.

मिशा पिसासारख्या रुंद असतील तर नर. त्याला अंधार पडताच सोडा. मादी असेल तर पिशवीसकट रात्री ऐनाला टांगा, तिच्या वासावर लांबून नर येतात.

चंद्रपतंग याच कुळातला, पण त्याचा कोश पातळ, पानात गुंडाळलेला. चिमटीत दाबू नका. बाकी सगळं असंच. सोडताना अंगणातला दिवा तेवढा मालवा, नाहीतर तो रात्रभर दिव्याभोवतीच फिरतो.